रस्ता सरळ, हिशेब वाकडा : वेगमर्यादेविषयीचे गैरसमज

लातूरहून नांदेडला जाणारा रस्ता जुन्या प्रवाशाला आता ओळखू येत नाही. चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा या पट्ट्यात खड्डे चुकवत गाडी काढण्याचे दिवस गेले आणि राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाला. गाड्यांची चाल वाढली, तसे मोबाइलवर ई-चलनाचे मेसेजही वाढले. ‘रस्ता केला पळायला, अन् पळालं की दंड!’ हे वाक्य कुठल्याही फाट्यावरच्या हॉटेलात ऐकायला मिळतं. या तक्रारीत थोडं तथ्य आहे आणि बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : रस्ता सरळ आणि गुळगुळीत असला की वेगाने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले. त्या वर्षी रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतल्या ७१ टक्के मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण नोंदलं गेलं. ही नोंद पोलिसांची असते, त्यामुळे चुकीचा दुभाजक किंवा चौकातला अंधार कधीकधी ‘अतिवेग’ या शब्दाखाली झाकला जातो, हे मान्य करायला हवं. पण चूक कुणाचीही असो, तिची किंमत खरचटण्यावर भागेल की जिवावर बेतेल, हे बरंचसं वेगच ठरवतो.

इथे हमखास जर्मनीचा दाखला निघतो. तिथल्या ऑटोबानवर अनेक पट्ट्यांत सक्तीची मर्यादा नाही, हे खरं. पण ताशी ६० किलोमीटरच्या वर पळू न शकणाऱ्या वाहनाला त्या रस्त्यावर चढताच येत नाही, आणि तिथेही ताशी १३० ची शिफारस आहेच. आपल्याकडे गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर याच रस्त्याने जातो, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते, तेव्हा माणसांबरोबर घोडे आणि बैलही रस्त्यावर असतात. मर्यादा या सगळ्यांचा हिशेब धरून ठरते. तुमचा हात स्टिअरिंगवर किती बसला आहे, हा त्यातला फार छोटा भाग.

गैरसमज २ : साठ काय आणि ऐंशी काय, ब्रेक मारला की गाडी थांबते.

वस्तुस्थिती : कोरडा रस्ता, चांगले टायर आणि ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद, एवढं धरू. ताशी ६० ने जाणारी मोटार साधारण ३७ मीटरवर थांबते. ८० ने जाणारीला ५८ मीटर लागतात, कारण वेग दीडपटही वाढला नसला तरी धडकेची ऊर्जा पावणेदोनपट झालेली असते. समजा, ३७ मीटरवर शाळेतलं पोर रस्ता ओलांडतंय. साठवाला त्याच्यापाशी येऊन थांबेल. ऐंशीवाला त्याच जागी अजून ताशी साठच्या आसपास असेल.

गैरसमज ३ : जोरात गेलं की बराच वेळ वाचतो.

वस्तुस्थिती : शंभर किलोमीटर सलग मोकळा रस्ता मिळाला, तरी १०० ऐवजी १२० ने गेल्यावर दहा मिनिटं वाचतात. गावं, फाटे, टोल आणि ट्रॅक्टर त्यातून वजा केले, की उरतो एका चहाचा वेळ.

गैरसमज ४ : बोर्ड दिसला नाही, म्हणजे मर्यादा नाही.

वस्तुस्थिती : केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादांनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १००, प्रवासी बसला ९०, ट्रक आणि दुचाकीला ८० होते, शहराच्या हद्दीत मोटारीला ७०, दुचाकीला ६०. राज्य सरकार यापेक्षा कमी मर्यादा लावू शकतं. मात्र तशी ती लावली, तर योग्य ठिकाणी फलक उभारण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ ने सरकारवरच टाकली आहे. बाभळीआड लपलेल्या फलकाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे.

गैरसमज ५ : पोलीस अंदाजाने दंड लावतात आणि चलन आलं की भरण्यावाचून इलाज नाही.

वस्तुस्थिती : एखाद्या साक्षीदाराला ‘गाडी जोरात होती’ असं वाटलं, एवढ्यावर दोषी ठरवता येत नाही, यंत्राने मोजलेला वेग लागतो, असं कलम १८३ च सांगतं. २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. यंत्राने देखरेख होत असल्याची सूचना रस्त्यावर दिसली पाहिजे, आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत मिळाली पाहिजे. चलनासोबत फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. यात खोट दिसली तर दाद मागता येते. तडजोडीची रक्कम भरणं हा एक पर्याय आहे. शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये दंड कायद्यात आहे.

गैरसमज ६ : सापडतो तो बिचारा ड्रायव्हरच.

वस्तुस्थिती : कायदा मालकालाही सोडत नाही. मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक जाहीर केलं, तर ते वेळापत्रकच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं. रात्री पुण्याकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये बसताना ही तरतूद आठवावी. सदोष रस्ता बांधणाऱ्या किंवा नीट न राखणाऱ्याला कलम १९८-अ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि खुद्द रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच २०१९ मध्ये सांगितलं होतं, की वांद्रे-वरळी सागरी सेतूवर त्यांच्या गाडीलाही वेगाचा दंड झाला होता.

म्हणजे वेगमर्यादा हवीच. दंड न्याय्य आहे की नाही, हे मात्र दर वेळी तपासता येतं : फलक होता का, यंत्र प्रमाणित होतं का, नोटीस वेळेत आली का? पुढचं चलन आलं तर हे तिन्ही प्रश्न जरूर विचारा. तोवर पुढे उसाची ट्रॉली दिसली, तर पाय आधी ब्रेककडे जाऊ द्या.