पाठीवरचे चिन्ह

व्यापारचिन्ह म्हटले की आपणांस साबणाची वडी नाहीतर बिडीचे बंडल आठवते. अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांचे काही संघ मात्र जाकिटाच्या पाठीवरचे आपले चिन्हही असेच नोंदवून ठेवतात. ते मिरवण्याचा अधिकार सभासदालाच.

‘मंगोल्स’ या संघाला २०१८ साली कॅलिफोर्नियातील ज्यूरीने संघटित गुन्हेगारीबद्दल दोषी ठरविले. चिन्हाची मालकीच जप्त केली, की स्वारांच्या अंगावरून जाकिटे उतरवता येतील, असा सरकारचा हिशेब. न्यायाधीशांनी २०१९ साली पाच लाख डॉलर दंड केला. जप्ती मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला म्हणून नाकारली. २०२३ साली वरिष्ठ न्यायालयानेही, निराळ्या कारणाने का होईना, ती नाकारलीच.

गुन्ह्याला शिक्षा व्हावी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण नावडत्या माणसाचाही हक्क जो कायदा जपतो, त्याच्याच भरवशावर आपण निर्धास्त असतो.