मुरबाड ते मुरबाड, सोळाशे रुपयांत

ट्रिप म्हटली की हॉस्टेलवर पहिलं नाव गोव्याचं निघतं आणि निम्मी ट्रिप तिथेच बारगळते. कारण कोणीतरी हळूच म्हणतं, "तुम्ही जा रे, मला काम आहे." आमच्या रूमवरही तेच झालं. काम कसलं, मेसचं बिल थकलं होतं. आणि गडी असा मानी, की उसने घेणार नाही. मग आम्ही उलटं केलं. त्यालाच विचारलं, तुला किती जमतील? म्हणाला, सोळाशे. झालं! आधी आकडा ठरला, मग नकाशा उघडला.

मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे आपली रेल्वेची ट्रिपही एसटीनेच सुरू होते. शहापूरच्या मुलांना आसनगाव जवळ, पण लांबच्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा कल्याणच गाठावं. कल्याण, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे आणि परत कल्याण असं रिंगण आम्ही आखलं. यादव, निजामशाही, पेशवाई असा शाळेतला निम्मा इतिहास त्यात येतो.

आता तिकिटाचं गणित. रेल्वेचं भाडं टेलिस्कोपिक असतं, म्हणजे अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो. तुकड्यातुकड्यांची तिकिटं म्हणूनच महाग पडतात. त्यात स्लीपरला कमीत कमी २०० कि.मी.चं भाडं द्यावंच लागतं, प्रवास शंभराचा का असेना. वर आरक्षणाचे २० रुपये आणि गाडी सुपरफास्ट असेल तर आणखी ३०. म्हणून स्लीपर फक्त रात्रीच्या लांब टप्प्याला, बाकी सगळं जनरल. कल्याण ते संभाजीनगर सुमारे ३२० कि.मी. आहे. रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये झोपायचं, पहाटे उतरायचं, लॉजचे पैसे वाचले! आंघोळ स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. (पाणी गार होतं आणि महिना डिसेंबर. असो.)

वेळापत्रक मी केलं होतं, सोमवारी रात्री निघायचं. आमच्या या मित्राने ते वाचलं आणि विचारलं, "वेरूळ मंगळवारी बंद असतं, माहितीय ना?" मला माहीत नव्हतं. एक दिवस पुढे ढकललं. (अजिंठा सोमवारी बंद, तेही लिहून ठेवा.) वेरूळची एसटी दौलताबादवरूनच जाते, त्यामुळे एका दिवसात दोन्ही होतात. किल्ला सकाळी चढावा. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इथे का आणली, ते तो अंधारा भुयारी मार्ग चढताना कळतं. कैलास लेणं दुपारी. आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेलं आहे, म्हणजे चूक झाली तर पुन्हा दगड जोडायची सोय नाही. ड्रॉइंगमध्ये सारखा रबर लागणाऱ्यांनी जरूर बघावं.

पुढे नगरला जायला माझा हट्ट रेल्वेचाच होता. पण रेल्वेने मनमाडपर्यंत मागे यावं लागतं, एकूण अडीचशे कि.मी.च्या वर. एसटीने थेट ११५. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, हे सातवीतलं मला मित्राने ऐकवलं. (मुलींच्या ग्रुपला तर मार्च २०२३ पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे.) रेल्वे वर्तुळाकार प्रवासाचं एकच तिकीटही देते. निघालो तिथेच परतायचं आणि मध्ये आठ ठिकाणांपर्यंत उतरता येतं. पण ते मोठ्या रिंगणाला परवडतं, आमच्यासारख्या एसटीच्या भेसळीला नाही.

नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. १९४२ नंतर नेहरू इथेच कैदेत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथे लिहिलं. डोंगरावरचा 'चांदबिबीचा महाल' खरं तर सलाबतखानाची कबर आहे. रात्री वर्गमित्राच्या मामांकडे मुक्काम, पिठलं-भाकरी, खर्च शून्य.

पुण्यात घाई झाली. शनिवारवाडा १७३२ चा, १८२८ च्या आगीत आतलं बहुतेक जळलं, त्यामुळे बघायला दरवाजा, तट आणि जोती. मुरबाडची शेवटची एसटी डोक्यात होती, ती चुकली तर रिक्षावाले सगळं बजेट एका फेरीत खाणार.

मिळाली. गाडी सुटायला वेळ होता, मित्राने वही काढून हिशोब केला. परतीचं तिकीट धरून १,५५५. उरलेल्या ४५ रुपयांचे त्याने आम्हा तिघांसाठी तीन वडापाव घेतले, आणि मला पाकीट काढू दिलं नाही.