खाणीवरची माती आणि मूळ जमीन

जबलपूरजवळ नर्मदेच्या खोऱ्यात एखाद्या ओढ्याची दरड न्याहाळली, तर जमिनीची घडण सहज ध्यानात येते. सर्वांत वर कुजलेल्या पाचोळ्याने समृद्ध झालेला भुसभुशीत थर असतो; त्याखाली चिकण काळी माती व तीत चुनखडीचे खडे; आणि तळाशी जमीन ज्यापासून घडली तो गाळ किंवा खडक. ऊन, पाऊस, मुळे, गांडुळे व जीवाणू यांनी हजारो वर्षे राबून हे थर रचलेले असतात.

जबलपूरच्या उत्तरेस असलेल्या कटनीच्या परिसरात (हा भाग १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच होता) चुना व सिमेंट यांसाठी चुनखडक काढला जातो. उघड्या खाणीत खनिजावरची दगडमाती प्रथम बाजूला टाकावी लागते. या उलथापालथीत खालचे वर येते आणि वरची सुपीक माती ढिगाऱ्यात गडप होते. अशा ढिगाऱ्यात थर उरत नाहीत. मातीपेक्षा दगडगोटेच अधिक असतात.

चांगल्या जमिनीच्या एका घन सेंटिमीटरात साधारणतः १.१ ते १.४ ग्रॅम कोरडी माती भरते. सुमारे निम्मी जागा हवा व पाणी यांसाठी मोकळी राहते. अवजड यंत्रांखाली दबलेल्या खाणमातीत हा आकडा १.७ च्याही वर जाऊ शकतो. मग मुळांना वाट मिळत नाही व पावसाचे पाणी वरूनच वाहून जाते. सेंद्रिय द्रव्य अत्यल्प असल्याने नत्राची उणीव भासते. चुनखडकाच्या चुऱ्यामुळे माती अल्कधर्मी होते व तीतील स्फुरद पिकांना सहजी मिळत नाही. याउलट, कोळशासोबत लोह व गंधक यांचे खनिज असल्यास हवा-पाण्याच्या संयोगाने तीव्र आम्ल निर्माण होते.

यावर उपाय नाही असे नव्हे. जबलपूर येथे १९८८ साली स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने खाणींमुळे उजाड झालेल्या भूमीवर वनस्पती वाढविण्याचे प्रयोग केले आहेत. शिसू, शिरीष, करंज यांसारख्या शेंगाधारी वृक्षांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र मातीत आणतात. गळलेला पाचोळा कुजून नवा थर घडू लागतो.

परंतु हे कार्य अतिशय मंद असते. म्हणून खोदकामापूर्वीच वरची माती वेगळी काढून ठेवावी व शक्य तितक्या लवकर पुन्हा पसरावी. उंच ढिगात दीर्घकाळ पडून राहिली, तर हवेअभावी तिच्यातील सजीव सृष्टी क्षीण होते. खाणीतील खनिज काही वर्षांत संपते. त्यानंतर त्या भूमीवर शेत किंवा रान उभे राहील की नाही, हे बहुतांशी पहिल्या कुदळीच्या वेळीच ठरलेले असते.