आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिस केस होते का?

भोईवाड्यातून केईएम रुग्णालय चालत गाठता येतं. तरीही घरातल्या पुरुषानं जीव द्यायचा प्रयत्न केला, की आधी धास्ती वाटते ती पोलिसांची. पूर्वी कलम ३०९ खाली वर्षभराची कैद होऊ शकत होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं : माणूस तीव्र तणावात होता असं धरा, शिक्षा नको, उपचार द्या. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठीचा प्रयत्न तेवढा गुन्हा. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो. त्याला घाबरून उशीर करू नका.

एनसीआरबीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, दहांतले सात पुरुष. 'बाप्या माणूस रडतो का?' ऐकतच वाढलेले! बोलायला टेली-मानस : १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.