गेऑर्ग येन्सन : रौप्यकार आणि भोजनपात्रांचा अभिकल्पक

उपयोजित कलांच्या इतिहासात कारागीर आणि कलावंत यांतील भेद सदैव विवाद्य राहिला आहे. डॅनिश रौप्यकार गेऑर्ग येन्सन (१८६६-१९३५) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. कोपनहेगनच्या उत्तरेस, चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यातील कामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. किशोरवयातच ते सोनाराकडे उमेदवारीस लागले. तथापि ओढ होती ती शिल्पकलेची. रॉयल डॅनिश कला अकादमीतील शिक्षण १८९२ मध्ये पूर्ण होऊनही शिल्प वा मृत्तिकाकाम यांवर चरितार्थ चालेना. १८९७ मध्ये पत्नी निवर्तली आणि दोन मुलांचा भार अंगावर आला. अखेर १९०१ मध्ये मोगेन्स बालिन यांच्या धातुकार्यशाळेत ते धातुकामाकडे परतले आणि १९०४ मध्ये ब्रेडगेड या रस्त्यावर त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली.

आरंभी दागिने घडत, कारण त्यांस चांदी थोडी लागे. पुढील वर्षीच्या चहादाणीच्या झाकणावर उमललेले मॅग्नोलियाचे फूल मात्र शिल्पकाराचा हात दाखविते. फुलाफळांचे अलंकरण झाकण, मूठ, पाया अशा सांध्यांवर एकवटावयाचे आणि पात्राचा उदरभाग मोकळा ठेवावयाचा, ही त्यांची पद्धती. हातोडीच्या बारीक खुणा पुसून आरशासारखी झिलई आणण्याऐवजी ते त्या राखीत. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम परिचित असणाऱ्यास यातील मर्म सहज उमगेल, जरी येन्सन यांच्या खुणा कितीतरी सौम्य असल्या. खोलगट भागांत ठेवलेली काळसर छटा नक्षीस उठाव देते.

चित्रकार योहान रोड यांचे साहचर्य त्यांस १९०६ च्या सुमारास लाभले. रोड यांचा ‘एकॉर्न’ हा काटे-चमच्यांचा संच १९१५ चा. त्यांनी १९२० मध्ये रेखाटलेला अनलंकृत जलकुंभ काळाच्या फार पुढचा मानला गेला आणि १९२५ मध्ये उत्पादनात आला. अशा सहकाऱ्यांचे श्रेय येन्सन यांनी नावानिशी मान्य केले. आजही संग्रहालये या वस्तू अभिकल्पकाच्या नावाने नोंदवितात.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनातील त्यांच्या बहुतेक वस्तू वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी विकत घेतल्या. मागणी वाढली, भांडवलाची गरजही वाढली. १९१६ मध्ये भागधारकांची कंपनी स्थापन झाली आणि नाव येन्सन यांचे असले तरी मालकी एकट्याची उरली नाही. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये स्वतंत्र कार्यशाळा उभारण्याचा प्रयत्न करून ते वर्षभरात परतले. दरम्यान त्यांच्याच नावाच्या कंपनीत हाराल्ड निल्सन यांची, आणि १९३० पासून सिग्वार्ड बर्नाडोट यांची, सरळ रेषांची भाषा रुजत होती.