कोप्पीकर रोडवरून दिसणारा प्लेऑफ

हुबळीतल्या फुटबॉलवेड्यांची एक अडचण आहे, ती कोलकात्याच्या किंवा मडगावच्या माणसाला सहसा कळत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये हुबळीचा स्वतःचा संघ नाही. राज्याचा संघ बेंगळुरू एफसी, पण त्याचं कंठीरवा मैदान चारशे किलोमीटरच्या पुढे. उलट एफसी गोवाचं फातोर्डा मैदान मडगावात. लोंढा, कॅसलरॉक मागे टाकून दूधसागराचा घाट उतरला की दोनशे किलोमीटरच्या आत गाडी तिथे पोचते, आणि वास्कोपर्यंतचा तो लोहमार्गही हुबळीत मुख्यालय असलेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेच्याच ताब्यात. म्हणजे कागदावर बेंगळुरू आपलं, अंतराने गोवा जवळचं. त्यात म्हादईच्या पाण्याचा कर्नाटक-गोव्यातला जुना तंटा. हुबळीच्या कोप्पीकर रोडवर उभं राहून गोवा-बेंगळुरू प्लेऑफकडे पाहणारा माणूस म्हणूनच तटस्थ राहू शकत नाही आणि एका बाजूला पूर्ण झुकतही नाही. भाकितं कशी पारखावीत हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

एप्रिल 2025 चा उपांत्य सामना घेऊ. तेव्हाचा नियम असा की साखळीतले पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात, तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी एकेक बाद सामना खेळे, आणि उपांत्य फेरी दोन लेगची, दोघांच्या घरी एकेक. गोवा 48 गुणांनी दुसरा आला होता. बेंगळुरू 38 गुणांनी तिसरा. दहा गुणांचं अंतर म्हणजे तीन विजयांहून अधिक. शिवाय नोव्हेंबर 2024 मध्ये फातोर्ड्यावर गोव्याने बेंगळुरूला 3-0 असं हरवलं होतं, आणि डिसेंबरमध्ये कंठीरवावर 2-2 अशी बरोबरी झाली होती. गोव्याच्या बाजूने बोलणाऱ्याला आणखी काय हवं?

बेंगळुरूवाल्याकडेही उत्तर होतं. 29 मार्चला त्यांच्या संघाने मुंबई सिटीला बाद फेरीत 5-0 धुतलं होतं. गोवा विश्रांती घेऊन येणार, बेंगळुरू लयीत येणार. आणि सुनील छेत्री. वय चाळीस. जून 2024 मध्ये भारतीय संघातून निवृत्त झालेला, मार्च 2025 मध्ये परत बोलावलेला. त्याला परत बोलावणारे भारताचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ हेच त्या हंगामात एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते.

2 एप्रिलला कंठीरवावर बेंगळुरू 2-0 ने जिंकलं. पहिला गोल गोव्याच्याच संदेश झिंगनकडून स्वतःच्या जाळ्यात गेला, दुसरा एडगर मेंडेझचा. 6 एप्रिलला फातोर्ड्यावर बोर्हा हेरेराने एक गोल फेडला आणि 88व्या मिनिटाला अर्मांडो सादिकूने दुसरा. एकूण 2-2. आता जादा वेळ होणार, घरचं मैदान, घरचा गजर, सगळं गोव्याच्या बाजूला. आणि भरपाईच्या वेळेत छेत्रीचा गोल. बेंगळुरू 3-2 ने अंतिम फेरीत. मानोलोंनी ज्याला देशासाठी परत आणलं, त्यानेच त्यांच्या क्लबला घरी बसवलं.

मग गोव्यावर पैज मारणारा चुकला का? माझ्या मते अजिबात नाही. त्याचं कारण फुटबॉलच्या गणितात आहे, आणि ते गणित प्रत्येक चाहत्याने एकदा तरी करून पाहावं.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. समजा एक संघ सामन्यामागे सरासरी दोन गोल करतो आणि समोरचा एक. एक संघ दुसऱ्याच्या दुप्पट, हा मोठा फरक झाला. प्रत्येक गोल दुसऱ्या गोलावर अवलंबून नाही असं धरून संभाव्यतेचा साधा हिशेब मांडला, तर असे शंभर सामने खेळवल्यावर बलवान संघ साधारण 61 जिंकतो, 21 बरोबरीत सुटतात आणि 18 वेळा तो चक्क हरतो. बरोबरीचे सामने पुढे दोघांत निम्मे-निम्मे वाटले, तरी बाद सामन्यात पुढे जाण्याची त्याची शक्यता शंभरात 71 च्या आसपास. दोन लेग खेळवले तर ती 79 पर्यंत चढते. म्हणजे दुप्पट बलवान संघसुद्धा पाचातून एकदा बाहेर पडतो, आणि गोवा काही बेंगळुरूच्या दुप्पट नव्हता. त्या हंगामाच्या साखळीत 24 सामने होते, तिथे नशिबाचे चढउतार बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात. प्लेऑफमध्ये तेवढी सवड नसते.

याची सर्वांत जीवघेणी साक्ष गोव्याच्याच लोकांकडे आहे. 24 एप्रिल 2024, उपांत्य फेरीचा पहिला लेग, फातोर्डा. गोवा 2-0 ने पुढे, घड्याळात 90 मिनिटं. तिथून सहा-सात मिनिटांत मुंबई सिटीने तीन गोल केले, त्यांतले दोन छांगटेचे, आणि सामना 3-2 ने नेला. 89व्या मिनिटाला गोवा जिंकणार म्हणणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याचं भाकीत उत्तम होतं. निकाल दुर्मीळ लागला, इतकंच. हा फरक आपल्या वादांत जवळजवळ कुणीच करत नाही, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण त्यामुळे नीट विचार करणारा गप्प बसतो आणि उगाच ठोकून दिलेलं खरं ठरलेला वर्षभर मिरवतो.

या दोन संघांचा वाद जुना आहे. 17 मार्च 2019 ला मुंबईत झालेला अंतिम सामनाही यांचाच. 90 मिनिटं कोरी गेली, आणि जादा वेळ संपत आला असताना 117व्या मिनिटाला मुंबईच्याच राहुल भेकेने डोक्याने मारलेल्या गोलावर बेंगळुरू 1-0 ने विजेता झाला. सामन्याआधी गोल कोण करणार यावर बोलणाऱ्यांच्या तोंडी बचावपटू भेकेचं नाव किती वेळा आलं असेल?

म्हणून वाद घालताना कशाला वजन द्यावं? गुणतक्त्याला सगळ्यांत जास्त, कारण त्यात संपूर्ण साखळीचा पुरावा असतो. घरच्या मैदानाला काही. कोविडच्या काळात जर्मनीत रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा यजमानांच्या विजयांचं प्रमाण घसरलं, म्हणजे प्रेक्षकांचा आवाज खरोखर काम करतो. शेवटच्या एका मोठ्या विजयाला मात्र आपण फार भाव देतो. 5-0 मधले पाचही गोल पुढच्या सामन्यात सोबत येत नाहीत. आणि शूटआउटवर तर ठामपणे बोलूच नये. 2023 च्या उपांत्य फेरीत साखळीत अव्वल आलेल्या मुंबई सिटीला बेंगळुरूने पेनल्टीवर 9-8 असं काढलं. सतरा पेनल्टी जाळ्यात गेल्या आणि निकाल एका चुकलेल्या फटक्यावर लागला.

'गोवाच जिंकणार' यापेक्षा 'दहातून सहा वेळा गोवा' असं म्हणणारा चाहता मला जास्त आदरणीय वाटतो. त्याने हातचं राखलेलं नसतं. आपल्याला किती खात्री आहे हे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि अशाच माणसाशी सामना संपल्यावरही वाद पुढे नेता येतो.

तक्ता नेहमीच खोटा पडतो असंही नाही. 12 एप्रिल 2025 ला कोलकात्यात अंतिम सामना झाला. बेंगळुरूने आघाडी घेतली होती, तरी साखळीत 56 गुणांनी अव्वल ठरलेल्या मोहन बागानने जादा वेळेत 2-1 असा तो जिंकला.

त्यानंतरचा हंगाम मात्र व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ न सुटल्यामुळे वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. चाहत्याला निकालाची हमी नको असते, सामन्याची तारीख हवी असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आणि क्लबांनी तेवढी तरी ती दरवर्षी वेळेत द्यावी.