मुळांना वारा हवा!

सांडपाण्याची गोष्ट, आणि तीही दिवाळी अंकात! पण वाचकहो, नाक मुरडण्याची पहिली पाळी आमच्या सोसायटीवर आली होती, आणि त्याला कारण मीच होतो.

मुंबईच्या उपनगरातली आमची जुनी सोसायटी. पाण्याची ओढाताण पाहून दोन वर्षांपूर्वी मी सभेत सुचवले, की सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी खडीच्या वाफ्यातून न्यावे, वाफ्यात कर्दळ लावावी आणि निवळलेले पाणी बागेला घालावे. कल्पना माझी नव्हे. जर्मनीत केटे झायडेल या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग केले होते. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ पद्धत तयार केली आहे. घरटी वर्गणी जमली, कर्दळ लागली, फुलेही आली. पण पाण्याचा वास काही जाईना, उलट वाढला. तळमजल्यावरच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या आणि पुढच्या सभेत ‘वाफा बुजवा’ असा ठराव येणार, हे मला कळून चुकले.

अशा मनःस्थितीत श्रावणात जव्हारला एका निवृत्त शिक्षक मित्राकडे गेलो. तो मला मोखाड्याकडे हिंडवायला घेऊन निघाला. वाटेत एका खाचरात एक म्हातारी भाताचे रोप उपटून न्याहाळत होती.

“काय बघता, मावशी?”

“मुळं बघते, दादा. तांबडी हायेत तवर काळजी नाय. काळी पडली तर बांध फोडायचा, पाणी जाऊ द्यायचं, दोन दिस खाचराला वारा द्यायचा.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. माझ्या वाफ्याचे दुखणे तिने एका वाक्यात सांगितले होते!

पाणी तुंबलेल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून भात, लव्हाळा, कर्दळ अशा वनस्पती आपल्या अंगातल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत नेतात. त्यातली थोडी बाहेर झिरपते, चिखलातले लोह गंजते आणि मुळे तांबडी दिसतात. झिरपते ती मात्र अगदी थोडी, मुळाला लागून असलेल्या जागेपुरती. आरंभी युरोपातही अनेकांना वाटले होते, की झाडेच हवा तेवढा प्राणवायू पुरवतील. पुढे डेन्मार्कमध्ये मोजमापे झाली, तेव्हा तो भ्रम फिटला.

पाण्यातली घाण मुख्यतः खातात ते खडीला चिकटलेले जिवाणू, आणि त्यांची भूक दांडगी! अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करायलाच सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू लागतो. आमच्या खडीत तर चोवीस तास पाणी तुंबलेले. बिचारी कर्दळ पुरवून पुरवून किती पुरवणार?

परत आलो आणि सभेत उभा राहून चूक कबूल केली. तीन महिन्यांची मुदत मागितली. वाफ्यावर भोके पाडलेल्या नळ्या पसरल्या आणि तळाची वाट मोकळी केली. आता पाणी दिवसातून चार वेळा, एकदम सोडतो. ते खाली उतरते, त्याच्या मागोमाग खडीत हवा शिरते आणि पुढच्या पाळीपर्यंत वाफा श्वास घेतो. गंमत अशी, की नायट्रेटमधला नायट्रोजन हवेत उडून जायला उलट प्राणवायू नसलेली जागा लागते. म्हणून थोडे पाणी परत टाकीत फिरवतो. हे पाणी पिण्याचे नव्हे, झाडांचे. पण वास गेला आहे. वहिनींच्या खिडक्या उघडल्या, आणि ठराव बारगळला.

तरी एक गोष्ट मनाला टोचते. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण (२०१४) मोखाडा तालुक्यातलेच. त्याच तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटते आणि वैशाखात बायाबापड्या हंड्यासाठी पायपीट करतात. त्यांच्या उशापासचे पाणी आपण एकदा वापरतो आणि गटारात सोडून देतो.

यंदा आमच्या अंगणात पणत्यांच्या ओळीमागे कर्दळ फुलली आहे. तिच्याकडे पाहिले की मला तांबडी मुळे आठवतात, आणि मावशींना मी साधे नावही विचारले नाही, याची खंत वाटते.